बॉल खाली ठेव

"बॉल खाली ठेव."

मी दोन्ही हात पुढे केले होते. हातांत बॉल होता. आम्हाला शिकवायला आलेले साहेब समोरच उभे होते, हात लांबवला असता तर पोचला असता. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"खाली ठेव म्हटलं ना."

मी ठेवला. त्यांनी तो बुटाने ओढून घेतला आणि दुसऱ्या मुलीकडे ढकलला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा अपमान आहे हे मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, ही नवी पद्धत असेल. साहेब विलायतेत शिकून आले होते. तिकडे गोलकीपर बॉल हातात देत नसतील.

त्या उन्हाळ्यात लोणावळ्याला देशाच्या मुलींच्या संघाचं शिबिर होतं. बायकांचा फुटबॉल तेव्हा नुकताच सुरू झाला होता. लोक बघायला यायचे, ते खेळ बघायला नाही, उघडे गुडघे बघायला. एका मोठ्या शाळेला सुट्टी होती. तिचं मैदान आणि वसतिगृह आम्हाला दिलं होतं. शिबिरातून निवडलेला संघ परदेशात खेळायला जाणार होता. मी गोलकीपर. दुसरी गोलकीपर पुण्याची सुलभा.

बाकीच्या मुली लांबून आल्या होत्या. मी तिथलीच. मैदानाच्या खाली रूळ, रुळांपलीकडे रेल्वेची चाळ, चाळीच्या टोकाला आमची खोली. बा गँगमन. घाटात रूळ तपासत हिंडायचा. आम्ही मूळचे आंबीकडचे. धर्म बदलला तेव्हा मी कडेवरची होते. आई सांगते, बाने घरातले देव फडक्यात बांधले आणि इंद्रायणीत सोडून आला. देव गेले. पण गावाने आम्हाला पाणी वरून ओतायचं सोडलं नाही. म्हणून बाने रेल्वे धरली.

मी चौथीपर्यंत शिकले. मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. चाळीच्या मागे सपाट जागा होती. तिथे ड्रायवर काका पोरांना फुटबॉल शिकवायचे. इंजिन चालवून निवृत्त झालेला ख्रिस्ती माणूस, मराठी मोडकी. मी भावाला कडेवर घेऊन गोलाच्या मागे उभी असायची. बाहेर आलेला बॉल एका हाताने अडवायची आणि परत फेकायची. एकदा काका म्हणाले, "ए पोरी, बच्चा खाली ठेव. बॉल पकड."

मला बोलता येत नाही. चार माणसं जमली की जीभ टाळूला चिकटते. गोलात उभं राहिलं की बोलावं लागत नसे. काकांनी मला एकच गोष्ट घोटून शिकवली. बॉल हातात आला की थांबायचं नाही. समोरच्यांना कळायच्या आत लांब फेकायचा. माझी फेक पार मैदानाच्या मध्यापर्यंत जायची. ती पाहूनच मला शिबिरात घेतलं.

चाळीत त्याचीच चर्चा. शेजारची मावशी म्हणायची, "इमानात बसलीस की वरनं बापाला हाक मार गं. खाली रुळावरच असंल त्यो." बा हसायचा. बाला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

शिबिराचे पहिले कोच आजारी पडून घरी गेले. नवा मिळेपर्यंत काका येऊ लागले. मग नवा कोच ठरवायला कमिटी आली. अध्यक्ष म्हातारे, बोलायला गोड. म्हणाले, "खेळायचं मुलींना आहे. मुलींना विचारूनच ठरवू." दोन नावं होती. काका आणि साहेब. काकांचं काम मुलींनी पाहिलं होतं. आता आठवडाभर साहेब शिकवणार आणि मग मुलींनी हात वर करायचे.

साहेबांना खेळ येत होता. येत नव्हता असं मी लिहिणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी भाषण केलं. "मैदानावर जात नसते. मैदानावर फक्त खेळाडू असतो." मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझी फेक बंद झाली. बॉल हातात देऊ नकोस. फेकू नकोस. खाली ठेव, पायाने दे. मी ठेवत गेले. तोवर समोरच्या मुली अंगावर यायच्या. गोल होऊ लागले. साहेब म्हणायचे, "हिला वेग नाही."

दुपारी रांजणापाशी सगळ्या पाणी प्यायच्या. साहेब मला म्हणाले, "तुझं घर जवळच आहे ना? तू घरी जाऊन पिऊन ये." मला ती सवलत वाटली. मी रूळ ओलांडून धावत जायची, धावत यायची. आईला म्हणायची, साहेब माझी काळजी घेतात.

मग एका सकाळी सुलभा गोलात होती. मी खांबाशी बसले होते. साहेब मध्यावरून ओरडले, "सुलभा, फेक!"

तिने फेकला. साहेबांनी बॉल दोन्ही हातांत झेलला, छातीशी धरला आणि हसले. "शाबास! गोलकीपरचे हात म्हणजे अर्धा संघ."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. तेवढंच केलं. त्यानंतर कुणी काही सांगायची गरज उरली नाही. रांजण कळला. बूट कळले. पाठीमागे बांधलेले हात कळले. आणि मी वाजवलेल्या टाळ्या कळल्या. त्या टाळ्यांचा राग मला अजून येतो.

मी संघाच्या मॅनेजर बाईंकडे गेले. अडखळत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्या घरात सोवळं फार. माणसाला सवय असते. मनाला लावून घेऊ नकोस. तुला परदेशात जायचंय ना?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

घरी सांगितलं. बाचा चेहरा उतरला. म्हणाला, "गप ऱ्हा. लय लांब आलीस. आता गप ऱ्हा."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देव काय हेच्यासाटी नदीत सोडलं व्हय?"

बा उठून बाहेर गेला.

शेवटच्या दिवशी वसतिगृहासमोर खुर्च्या मांडल्या. मधे अध्यक्ष, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मॅनेजर बाई. काकांना कुणी खुर्ची दिली नव्हती. ते कुंपणापाशी टोपी हातात धरून उभे होते. आम्ही मुली खाली बसलो. बॉल माझ्या मांडीवर होता.

अध्यक्ष म्हणाले, "साहेबांचं काम तुम्ही पाहिलंत. कुणाची हरकत?"

माझी जीभ टाळूला चिकटली होती. पण पाय उठले. मी साहेबांच्या खुर्चीसमोर गेले आणि बॉल पुढे केला.

"घ्या."

मागे एक मुलगी फिसकन हसली. साहेबांना वाटलं, मानाने देते आहे. हसून म्हणाले, "हो, हो. ठेव तिथे."

"न्हाई. हातात घ्या."

"हे काय चाललंय?"

"हातात घ्या."

त्यांचे हात मांडीवर होते. मी बघत होते. ते हळूहळू मागे सरकले आणि खुर्चीच्या पाठीमागे गेले. शिकलेल्या, जग पाहिलेल्या माणसाचे हात. सगळ्यांनी पाहिलं.

"बस खाली! तमाशा लावलाय नुसता," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष खाकरले. "घ्या हो साहेब. विषय संपवा."

साहेब म्हणाले, "ही बेशिस्त आहे. असल्या मुलीला मी संघात ठेवणार नाही."

तेव्हा माझं तोंड उघडलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "ह्यास्नी माझ्या हातचा बॉल चालत न्हाई. मग ह्यांच्या हाताखाली खेळायला मला चालत न्हाई."

अध्यक्ष डोक्यावरच्या झाडाकडे बघू लागले. मग म्हणाले, "बरं. साहेबांच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. एकेक करून सगळे. सुलभाचा कानापर्यंतच गेला, पण गेला. मी त्यांना दोष देत नाही. माफही करत नाही. प्रत्येकीला विमान दिसत होतं. मलाही दिसत होतं.

कुंपणापाशी काका म्हणाले, "क्यों बोली तू? मी तर बुढ्ढा माणूस."

मी म्हणाले, "काका, मी तुमच्यासाठी न्हाई बोलले."

संघात माझं नाव नव्हतं. संघ गेला. मी वळकटी डोक्यावर घेऊन रूळ ओलांडले. बा बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. विमानाचं मावशीनेही पुन्हा काढलं नाही. मी बंगल्यांची धुणी धरली. तिथेही मालकीणबाई मोलकरणीचा चहा वेगळ्या कपात देतात. मी तो चहा पीत नाही.

काका वारले. चाळीच्या मागची जागा तशीच आहे. आता तिथे मुली खेळतात आणि गोलात कसं उभं राहायचं ते मी दाखवते. बोलून नाही, करून. ऐकलंय की पुण्याहून एक सर या मुलींना शिकवायला पाठवणार आहेत. मुली खूश आहेत. चांगला असेलही माणूस. मला माहीत नाही.

मला एवढंच माहीत आहे. तो येईल त्या दिवशी बॉल घेऊन मी पुढे उभी राहीन. भाषण नंतर. आधी बॉल, माझ्या हातून त्याच्या हातात. घेतला, तर सर. नाही घेतला, तर पुण्याच्या गाड्या दिवसभर आहेत. कमिटीने निवडलेला असो की दिल्लीने. बॉल खाली ठेवला जाणार नाही.