मामांचं अर्धं तिकीट

अमेरिकेत कधी पाऊल न ठेवता आणि एकही सामना शेवटपर्यंत न पाहता अमेरिकन फुटबॉलवर जीव टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. दोन हजारच्या सुमारास नोकरीसाठी पुण्याहून लंडनला आलो, तेव्हा आपलं म्हणावं असं एकच घर होतं, हॅरोतल्या मामा-मामींचं. पहिल्याच रविवारी जेवायला गेलो, तर मामांनी मला दारातूनच बेसिनकडे पिटाळलं. मला वाटलं, घरात सोवळं आहे. हात कोरडे करून आलो तसा त्यांनी अल्बम उघडला, चिमट्याने एक चिटोरं उचललं आणि म्हणाले, "जावईबापू, श्वास जरा बाजूला सोडा." ते कुठल्याशा जुन्या अंतिम सामन्याचं अर्धं तिकीट होतं. दारावरच्या माणसाने आपला तुकडा फाडून घेतल्यावर प्रेक्षकाच्या हाती जो उरतो, तो. मामा आयुष्यभर तेवढेच तुकडे जमवत आले होते.

या वेडाचं मूळ मामींच्या काटकसरीत होतं. दोघं इथे नवीन होते तेव्हा मामींनी वापरलेले कपडे स्वस्तात विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून मामांसाठी जाडजूड ओव्हरकोट आणला आणि त्याच्या आतल्या खिशात असं एक अर्धुक निघालं. कोण कुठला माणूस, समुद्रापलीकडे जाऊन सामना बघतो काय, तिकीट जपून ठेवतो काय, आणि शेवटी त्याचा कोट नागपूरच्या माणसाच्या अंगावर येतो काय! मामा त्या दिवसापासून कामातून गेले. खेळाचे नियम त्यांनी कधी समजून घेतले नाहीत. मी एकदा हौसेने रेकॉर्ड केलेला सामना लावून दिला, तर हेल्मेट घालून चाललेली कबड्डी बघावी तसा त्यांनी तो थोडा वेळ बघितला आणि बसल्या जागी घोरू लागले. तिकिटांवर मात्र तासन्‌तास बोलत. हा कॉफीचा डाग म्हणजे नवरा कॉफी आणायला गेला आणि नेमका गोल चुकला, बायको वर्षभर टोमणे मारत राहिली. हा कोपरा चावलेला, म्हणजे मांडीवर मूल होतं. मी गमतीने विचारलं, की मामा, निदान जिंकलं कोण ते तरी सांगा. ते म्हणाले, "ते पेपरात येतं हो. पण त्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, एवढं फक्त हे चिटोरं सांगतं." त्यावर मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की लोक अख्खी तिकिटं जपतात, आमच्याकडे फाटकी, आणि त्यातही म्हणे नीट फाटलेली हवीत.

संग्रहात एकच उणीव होती. अगदी पहिल्या अंतिम सामन्याचं तिकीट नव्हतं, आणि त्यावाचून सगळा संग्रह म्हणजे गणपतीवाचून मखर. ते बर्मिंगहॅमच्या एका निवृत्त इंग्रज मास्तरांकडे होतं. बदल्यात त्यांना कोटातलं तिकीट हवं होतं. मामांची पुष्कळ दिवस घालमेल झाली आणि अखेर त्यांनी हो म्हटलं. मास्तर यायचे त्याच दिवशी दसरा आला. मामांनी कोटातलं तिकीट अल्बममधून काढून टेबलावर ठेवलं आणि पाहुण्यांसाठी बिस्किटं आणायला गेले. मामींनी परंपरेप्रमाणे पूजा मांडली. पोथ्या, विळी, शिवणयंत्र, गाडीची किल्ली, आणि सगळ्यांत वर ते तिकीट. त्यावर हळद आणि ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट.

मामा बिस्किटं घेऊन परतले, पाठोपाठ मास्तरही आले. मास्तरांनी भिंगातून डाग पाहिला, दोन चकल्या खाल्ल्या, रेसिपी विचारली आणि अतिशय सभ्यपणे आपलं तिकीट घेऊन परत गेले. "विळीला लावते, गाडीला लावते," मामी म्हणाल्या, "मग ज्यात तुमचा जीव अडकलाय त्यालाच कशी वगळू?" मामांनी अबोला धरला. तो दिवाळीच्या पहिल्या करंजीपर्यंत टिकला.

पुढचा दसरा मामींनी पाहिला नाही. उन्हाळ्यात थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन त्या गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांचा फोन आला, तेव्हा मी मामांकडेच होतो. केंब्रिजला जुने कागद दुरुस्त करणारी एक बाई त्यांना सापडली होती. ती डाग काढून देईल, अदलाबदल अजून करता येईल, असं ते म्हणत होते. मला मनापासून आनंद झाला. मीच गाडीने नेतो, म्हणालो. मामांनी विचार करून कळवतो म्हणून फोन ठेवला आणि अल्बम काढला. हात धुतले नाहीत, चिमटाही घेतला नाही. तिकीट माझ्यासमोर धरलं. वाळलेल्या कुंकवात मामींच्या बोटाच्या बारीक रेषा स्पष्ट उमटल्या होत्या.

"जेंटलमनना तुम्हीच सांगा, थँक यू, पण नको."

"मामा, सगळ्यांत पहिलं तिकीट आहे ते."

"असू दे. ते मिळालं तरी त्या खुर्चीत कोण बसलं होतं, ते मला कुठे ठाऊक आहे?"

त्यांनी तिकीट अल्बममध्ये ठेवलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले. बराच वेळ आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठे असते, ते त्यांना अजून सापडत नव्हतं.