खापेची मगर

माझ्या मावशीला तीन मुली होत्या. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं बाळाचं तोंड न बघताच नाव ठेवून टाकलं, मोसेत्सानाखापे. म्हणजे 'मुलगीच, पुन्हा'. एवढं लांबलचक रागाचं नाव रोज कोण घेणार? गावानं पुढचं छाटलं आणि शेपूट ठेवलं, खापे. पुन्हा. त्या नावाचा तिनं आयुष्यभर वचपा काढला असं माझं मत आहे. एकदा हाकललं तर पुन्हा दारात.

आमच्या मोखालो गावच्या बायका ओकावांगो नदीच्या पाण्यात शिरून लव्हाळे कापतात, कमळाचे कंद काढतात. होड्या हाकायच्या पुरुषांनी. रान बघायला आलेल्या पाहुण्यांना पुढ्यात बसवायचं, मागे उभं राहायचं आणि लांब काठीनं तळ रेटत जायचं. खापे काठी मागायला गेली तेव्हा होडीवाले पोट धरून हसले.

"काठी तुझ्यापेक्षा उंच आहे गं," एकजण म्हणाला.

"तुझी बायकोही तुझ्यापेक्षा उंच आहे. टाकलीस का तिला?"

काठी मिळाली. पुढे ती रानवाटाड्याच्या परीक्षेला बसली, नापास झाली, पुन्हा बसली आणि खाकी शर्ट-पॅन्ट घालून जीप चालवू लागली. पाहुण्यांच्या ज्या कॅम्पात ती लागली तिथेच मी स्वयंपाकीण, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. रानकुत्र्यांच्या पिल्लांचं बीळ जवळून दाखव म्हणून पाहुणे हट्ट धरायचे, ही गाडी लांबच उभी करायची. "त्यांची आई बिळात यायला घाबरते. तुमच्या फोटोसाठी पिल्लं उपाशी ठेवू?" मॅनेजरनं तिला कामावरून काढलं. आठवड्याच्या आत स्वतःच बोलवायला आला, कारण तिच्यासारखं बिबट्या शोधणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. एका पाहुण्याकडून तिनं जुना कॅमेरा विकत घेतला आणि सुट्टीच्या दिवशीही रानात दिसू लागली. नवरा का करत नाहीस म्हणून विचारणाऱ्यांना ती सांगायची, प्रकाश चांगला होता, वेळ मिळाला नाही.

आता मगरीचं सांगते. आमच्या गावातल्या बहुतेक घरांचं देवक मगर. देवकाला मारायचं नाही, खायचं नाही, एवढंच नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. बघितलं तर डोळे जातात असं आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. दिसलीच तर थुंकायचं, डोळे मिटायचे आणि पाठ फिरवायची. मीही जन्मभर तेच केलं.

मुखियांची नात बोइनेलो हिनंही तेच केलं. घाटावर पाणी भरताना तिला मगर दिसली. शहाण्या मुलीसारखी ती थुंकली, डोळे मिटले, पाठ फिरवली. मगरीनं तिची पोटरी धरली. बायकांनी ओढून काढलं म्हणून वाचली, पण पाय अधू झाला. गाव म्हणालं, देवक रागावलं. खापे म्हणाली, देवक भुकेलं होतं.

त्यानंतर कितीतरी सकाळी ती घाटासमोरच्या लव्हाळ्यांत पोटावर पडून होती. त्या मगरीचा फोटो तिनं काढला आणि माऊन शहरातल्या छपाईवाल्याकडून कापडावर छापून आणला, खऱ्या मगरीएवढा लांब. ते कापड शाळेत जमिनीवर अंथरून ती मुलांना शिकवू लागली. पाण्यावर नुसते डोळे कसे दिसतात, कुठल्या काठाला ती दबा धरते, घागर कुठे भरायची, मागे मागे सरकताना नजर कशी ढळू द्यायची नाही. मारायचं नाही, हेही सांगायची. मुलं मगरीशेजारी आडवी पडून आपली उंची मापायची. एकदा अंथरलेलं कापड तिनं गुंडाळायला घेतलं की सगळा वर्ग ओरडायचा, "खापे!" ते तिला हाक मारतात की पुन्हा दाखव म्हणतात, हे तिलाही कळायचं नाही.

मग वाऱ्याधुळीचा महिना आला आणि शाळेतल्या पोरांचे डोळे आले. दरवर्षी येतात. पण यंदा कारण तयार होतं.

चावडी भरली. तक्रार कुणाची, तर आमच्याच सख्ख्या मामाची, गाओलाथेमामांची. खापेनं चित्र सगळ्यांसमोर जाळावं, माफी मागावी आणि शाळेत पुन्हा पाऊल टाकू नये. खापे कॅम्पातून थेट आली, काखेत कापडाची गुंडाळी, अंगावर खाकी पॅन्ट. चावडीत बाईनं पॅन्ट घालून यायचं नाही. दारातच तिला अडवलं.

"घरी जाऊन झगा घालून ये," मामा म्हणाले.

"तोवर तुम्ही निकाल लावून मोकळे व्हाल," खापे म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ताई, गाठ मार गं."

काखेतली गुंडाळी उलगडून, चित्र आतल्या बाजूला ठेवून तिनं कापड कमरेला गुंडाळलं. बाहेरून नुसतं पांढरं. मी घट्ट गाठ मारली. असला लांबरुंद घागरा चावडीनं कधी पाहिला नसेल. ती आत जाऊन बायकांच्या पुढे बसली.

मामा बराच वेळ बोलले. "हिचे डोळे शाबूत आहेत, कारण हिला लाजच नाही. लहान पोरांचं काय? मुखिया, ते चित्र आणायला सांगा."

"खापे, काय म्हणतेस?" मुखियांनी विचारलं.

ती उभी राहिली. "माफी मागणार नाही. ज्या महिन्यात डोळे येतात त्या महिन्यात आले. मगरीकडे बघून कुणाचे डोळे गेले ते एक नाव सांगा. न बघितल्यानं कुणाचा पाय गेला, ते नाव मी चावडीत घेणार नाही."

मुखियांनी मान खाली घातली. मला खापेचा इतका राग आला की उठून तिचं तोंड दाबावंसं वाटलं, आणि तेवढाच अभिमानही वाटला.

नाव घ्यावं लागलं नाही. बायकांच्या मागून बोइनेलो लंगडत पुढे आली. "आजोबा, मला ती बघायची आहे. मला धरलं तिनं आणि मी तिचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही."

मुखियांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "चित्र कुठे आहे?"

"नेसले आहे," खापे म्हणाली.

तिनं गाठ सोडली आणि स्वतःभोवती गरगर फिरत कापड उलगडत गेली. बायका बाजूला सरल्या. मामांनी टोपी तोंडावर धरली आणि आतून ओरडले, "पॅन्ट, पॅन्ट दिसतेय तिची." चावडीच्या धुळीत मगर लांबच लांब पसरली. निम्म्या माणसांनी डोळे झाकले. मी झाकले नाहीत. बघितलं. पिवळा डोळा होता, मधे उभी चीर. देवकाचं तोंड मी म्हातारपणी पहिल्यांदा बघितलं आणि मला रडू आलं. इतकी देखणी असेल असं कुणी सांगितलंच नव्हतं.

बोइनेलो खाली बसली आणि तिनं त्या डोळ्यावर हात ठेवला. "हाच," ती म्हणाली. "ह्याच्याकडे मी पाठ फिरवली."

मुखियांनी चेहऱ्यावर पंजा धरला होता. हळूहळू त्यांची बोटं फाकली. त्यांनी घसा खाकरला. "पुरे. गुंडाळ आता."

खापे वाकली आणि कापड शेपटीकडून गुंडाळू लागली. डोळ्यावरचा हात बोइनेलोनं काढला नाही.

"खापे," ती म्हणाली.

खापेनं मुखियांकडे बघितलंही नाही. तिनं कापड पुन्हा पसरलं.