सुमनची शाल

शेजारच्या मालतीकाकूंकडे मी ट्युनिशियन क्रोशा शिकत होते. त्याची सुई हातभर लांब असते. जाताना सगळे टाके सुईवर गोळा करायचे आणि येताना एकेक सोडवत यायचं. विणकाम उलटायचं नाही. काकूंना दिसत नाही. त्या बोटांनी चाचपून म्हणायच्या, "हात फार सैल आहे तुझा."

त्यांची बहीण सुमन वारली तेव्हा तिची शाल अर्धीच राहिली होती. ती काकूंनी मला पुरी करायला दिली. दुपारभर त्यांच्याशेजारी बसून मी विणत राहिले. हात आपोआप चालत होते. मग काकूंनी शाल जवळ ओढली आणि बोटं फिरवली.

"हे सगळं तिचंच आहे. तू कुठून सुरुवात केलीस?"

मी शोधू लागले. टाके वरपासून खालपर्यंत सारखेच घट्ट होते. शिकणं म्हणजे दुसऱ्याचा हात आपल्या हातात येणं, असं मी किती सहज म्हणायचे. आता स्वतःच्याच बोटांकडे बघवेना.

काकूंनी माझा हात कुरवाळला. "दमलीस सुमन. ठेव आता."

मी सुमन नाही, हे सांगायला तोंड उघडलं, पण तोवर बोटांनी शाल परत ओढून पुढचा टाका उचलला होता.