विहीर खोल केली आणि

मंडळी, एक सल्ला हवाय. शाळेत असताना ताईनं आणि मी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये आमचं गारखेड्याचं घर बांधलं होतं, विहिरीसकट. आज दुपारी ते पुन्हा उघडलं.

तेव्हा विहीर न फुटणाऱ्या दगडावर संपायची. आता तो दगडच नाय. मधल्या अपडेट्सनी जमीन खाली वाढवलीय. आपल्याकडं पाणी लागेना की अजून खोल जायचं, तशी मी पायऱ्या पाडत उतरले.

खाली काळोखात काहीतरी चालत होतं. वैजापूरला ताईला फोन लावून सांगितलं, तशी ती कुजबुजली, "हलू नको बाई. ते आंधळंय, आवाजावर येतं."

मी पळाले. ते मागोमाग पायऱ्या चढायला लागलं, तसा गेम बंद केला.

वर गेममधल्या अंगणात आमचा कुत्रा आहे. शाळेत असताना त्याला बसवून गेले होते, तो अजून बसलाय. गेम परत उघडू का?