हंसांच्या फोटोखालचं नाव

आमची कंपनी त्या वर्षी मार्चमध्ये वर चढली. उंची चौदा हजार फूट. जागेचं नाव सांगणार नाही. समोर एक मोठं गोठलेलं तळं, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि अलीकडच्या उंचवट्यावर आमची पोस्ट. माणसं बावीस. पाचला उठायचं, साडेपाचला चहा, सहाला ओपीची ड्युटी बदलायची. ओपी म्हणजे दगड रचून केलेली टेहळणीची जागा. तिथं एक दुर्बीण, एक वायरलेस सेट आणि एक लॉगबुक. जे हलेल ते वेळेसकट लिहायचं.

मी तेव्हा लान्स नाईक होतो. गाव शिरूर कासार. आईबाप दरसाल दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यावर जायचे आणि मागं आम्ही भावंडं. माझा बडी, म्हणजे ड्युटीतला कायमचा जोडीदार, विलास. तो बीडजवळच्या पालीचा. दोघं एकाच दिवशी भरती झालो, तरी तो माझ्याआधी नाईक झाला. त्याच्या गावाला बिंदुसरेचं धरण, माझ्या गावाला टँकर. त्याच्या वडिलांनी गावात दूध सोसायटी उभी केली, माझ्या वडिलांना मुकादमाशिवाय कुणी ओळखत नव्हतं. पोस्टवर सगळे म्हणायचे, बीडची जोडी म्हणजे सख्खे भाऊच. मी हसायचो आणि आतून माझं पोट दुखायचं. आता वय झालं, खोटं कशाला बोलू.

मार्चच्या शेवटी पहिला थवा मी बघितला. सकाळी सात दहा. दक्षिणेच्या खिंडीतून साठसत्तर मोठे राखी पक्षी आले आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात उतरले. तिथं झऱ्यामुळे थोडं पाणी उघडं होतं. मी वेळ लिहिली, संख्या लिहिली. विलासनं दुर्बीण लावली आणि म्हणाला, "भागवत, हे आमच्या धरणावरचे हायत बे. हिवाळाभर पालीला ऱ्हात्यात."

डोक्यावर दोन काळे पट्टे, चोच पिवळी. पट्टकादंब हे पुस्तकातलं नाव मला फार पुढं कळलं, आम्ही त्यांना हंसच म्हणायचो. चारपाच दिवस थांबायचे, पोट भरायचे आणि पहाटे डोंगर ओलांडून निघून जायचे. एक थवा गेला की दुसरा यायचा. विलासकडे रीळवाला कॅमेरा होता. ड्युटी संपली की हा काठावरच्या दगडामागं तासतासभर पालथा पडून राहायचा. मी म्हणायचो, बायकोला एवढा वेळ दिला असतास तर संसार झाला असता. तो म्हणायचा, आधी बायको तर मिळू दे.

एप्रिलमध्ये आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब पोस्टवर आले आणि त्याचं रीळ खाली घेऊन गेले. दहा दिवसांनी रेशनच्या गाडीतून एक फ्रेम वर आली. बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढून जाणारे अकरा हंस. खाली टाईप केलेलं, फोटो: नाईक विलास. ती लंगरमध्ये भिंतीवर लागली. जेवायला बसलं की समोर तेच. पुढच्या भेटीत साहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून विचारलं, चाय है क्या?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थवा आधी कुणी बघितला? मी. लॉगमध्ये वेळ कुणी लिहिली? मी. आणि नाव कुणाचं? गावाला पाणी त्याचं, नाईकाची फीत त्याची, आता आभाळातले पक्षीसुद्धा त्याचेच. त्याला माझ्या तोंडावरून कळत असणार. एकदा म्हणाला, तू बी काढ की, मी शिकवतो. शिकवलंही त्यानं. फायर करताना श्वास धरतो तसा धर, म्हणाला, आणि बटण हळू दाब. त्याच्या चांगुलपणाचा मला जास्त राग यायचा.

मग ती सकाळ आली. एप्रिलचा शेवटचा आठवडा. सहाला विलास ओपीवर चढला, मला त्या दिवशी आठपर्यंत सुट्टी होती. बंकरमध्ये खुंटीला त्याचा कॅमेरा लटकत होता. काचेतला आकडा बघितला, रिळावर एकच फोटो उरला होता. मी कॅमेरा गळ्यात घातला आणि एकटाच खाली उतरलो. काठाच्या पुढं एकट्यानं जायचं नाही हा पोस्टचा हुकूम होता, तो मला पाठ होता.

त्या दिवशी हंस काठावर नव्हते. उघड्या पाण्याच्या कडेला, बर्फावर उभे होते, चाळीसेक. उन्हं नुकतीच त्यांच्यावर आली होती. मी बर्फावर पाय ठेवला.

इथं माझी चूक सांगतो. आमच्याकडचं गावतळं फेब्रुवारीत आटायला लागायचं. मग आम्ही पोरं मासे धरायला आत शिरायचो आणि पाय कुठं टाकायचा ते बगळ्यांवरून ठरवायचो. बगळा उभा आहे म्हणजे तिथं तळ लागला, माणूस बुडत नाही. हे माझ्या हाडात भिनलेलं. हंस उभे आहेत म्हणजे तिथवर पक्कं आहे, एवढाच हिशोब मी केला. हंसाचं वजन किती आणि माझं किती, हे सुचलं नाही. भरल्या पाण्याकाठी वाढलेल्या माणसानं हे केलं नसतं.

हंसांपासून वीस पावलांवर गेलो, श्वास धरला, बटण दाबलं. फोटो निघाला. हंस उडाले आणि त्यांच्या आवाजात बर्फ तडकल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. सहा चाळीसला मी छातीपर्यंत पाण्यात होतो.

नाला पार करताना रायफल डोक्यावर धरतात, तसा मी कॅमेरा वर धरला होता. एका हातानं बर्फाची कड धरायचो, ती मोडायची. विलासनं ओपीवरून बघितलं. त्यानं वायरलेसवर काय सांगितलं ते मला मागाहून ऑपरेटरनं सांगितलं.

"एक आदमी पानी में. रस्सी लेकर जा रहा हूँ. ओव्हर."

आमचे पोस्ट कमांडर सुभेदार साहेब म्हणाले, "रुको. पार्टी आ रही है. ओव्हर."

"रुकने का टाइम नहीं है, साहब. आउट."

तो पोटावर सरपटत आला आणि दोरीचा फास माझ्याकडे फेकला. मी एका हातानं धडपडत होतो.

"कॅमेरा सोड बे," तो म्हणाला. "दोरी धर."

मी कॅमेरा त्याच्या अंगावरून काठाकडे भिरकावला आणि फास काखेत घेतला. त्यानं मला ओढलं. कंबर वर आली, मग गुडघे. मी बर्फावर पालथा पडलो आणि त्याच वेळी त्याच्याखालची लादी कलली. तो डोक्याकडून आत गेला. दोरीला एक हिसका बसला, मी हातभर मागं पाण्याकडे घसरलो आणि मग दोरी सैल झाली. दुसरं टोक त्यानं मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं, ते मी बघितलं होतं. दोन वेढ्यांची दोरी आपोआप सुटत नाही.

सहा बावन्नला पार्टी पोचली. सात पन्नासला तो सापडला.

चौकशीत मला विचारलं, तिथं कशाला गेला होतात? मी म्हणालो, पोस्टसाठी पाण्याची जागा बघायला गेलो होतो, आणि कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. ते तसंच लिहिलं गेलं. कॅमेरा खाली गेला, रीळ धुतलं. शेवटचा फोटो असा निघाला की काढणारा म्हणून बटालियनमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव निघेना. बर्फाच्या कडेवर हंस, पंख अर्धे उघडलेले, पिसांतून ऊन आरपार. खाली नाव, फोटो: शहीद नाईक विलास. एक प्रत पालीला गेली.

रिटायर झाल्यावरही मी तीन वर्षं पालीला गेलो नाही. मग दुष्काळाच्या साली सोसायटीचं बोलावणं आलं. इमारतीला विलासचं नाव द्यायचं होतं, मी दोन शब्द बोलावे अशी तात्यांची, म्हणजे त्याच्या वडिलांची इच्छा होती. आदल्या दिवशी सकाळी पोचलो. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. निम्मी जनावरं चारा छावणीला गेलेली, सोसायटीत चार कॅनसुद्धा भरत नव्हते. भिंतीवर त्या शेवटच्या फोटोची फ्रेम. दूध घालायला आलेला एक जण मला ती कौतुकानं दाखवत म्हणाला, काय नजर व्हती पोराची, असा फोटो कुणाच्या बापाला काढता येणार न्हाई.

आणि माझं पोट दुखलं. ज्यानं मला जीव दिला, त्या मेलेल्या माणसाचा मला तिथं उभ्याउभ्या हेवा वाटला. तोंडापर्यंत आलं होतं, माझा आहे तो फोटो. त्या क्षणी मला माझी किळस आली.

माणसं पांगल्यावर मी तात्यांना सगळं सांगितलं. खुंटीपासून दोरीपर्यंत. ते दुधाच्या कॅनवर बसून ऐकत होते.

"म्हंजे ह्यो फोटू तू काढला?"

"होय."

"आन् इलास?"

"मला काढायला आलता. माझ्यामुळं गेला, तात्या."

त्यांनी मान वर करून फ्रेमकडे बघितलं. मग सेक्रेटरीला हाक मारली आणि फ्रेमवरचं नाव बदलायला सांगितलं. मी हात जोडले, म्हणालो, राहू द्या, तुमच्या पाया पडतो.

"न्हाई," ते म्हणाले. "हितं ज्याचं दूध त्याच्याच नावावर घालत्यात. तीस वर्सं झाली, कुणाचं कुणाच्या नावावर जाऊ दिलं न्हाई. कावून आता करू?"

सेक्रेटरीनं पट्टी चिकटवून माझं नाव लिहिलं. त्या नावासाठी मी बर्फावर गेलो होतो. मला ते वाचवेना.

तात्या उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच बोलले. "मंग इलासच्या नावावर काय ऱ्हायलं आता?"

"मी राहिलो, तात्या."



दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि एवढंच बोललो: नाईक विलास, राहणार पाली, वय सव्वीस. मी हुकूम मोडून बर्फावर गेलो होतो. त्यांनी मला पाण्यातून काढलं आणि आपल्या हातानं दोरी सोडली. चौकशीत मी खोटं बोललो होतो.

मग मी सॅल्यूट केला आणि खाली बसलो. कुणी टाळी वाजवली नाही.