व्हिसासाठी केलेलं लग्न

ही जाऊन महिना झाला. दुबईत, इंटरनॅशनल सिटीतल्या मुलीच्या घरी, हिच्या साड्या खोक्यात भरत होतो. चिकटपट्टीचा वास नाकात गेला आणि मंदीतली, शारजातल्या रोल्ला भागातली आमची खोली आठवली.

कंपनी बुडाली होती, माझा व्हिसा रद्द झाला होता. गावी परतायचं म्हणून मी खोकी बांधत होतो. ही एका खोक्यावर बसून कादंबरी वाचून दाखवत होती. मी चौथी शिकलेला, मला वाचायचा कंटाळा. गोष्ट जुन्या काळची. अमेरिकेतल्या गडगंज बापाची मुलगी आणि इंग्लंडचा एक सरदार. नाव मोठं, तिजोरीत खडखडाट. पैशासाठी तिच्याशी लग्न करतो, मग तिच्यावरच जीव जडतो.

हिने पुस्तक मिटलं. "तुम्हीपण तसलेच. माझा भाऊ दुबईचा व्हिसा देतो म्हणाला, म्हणून मला हो म्हणालात."

"व्हिसासाठीच केलं," मी म्हणालो. "आता व्हिसा खलास. मी गेलो का तुला सोडून?"

"जाताय कुठे? तिकीटपण भावानेच काढलंय!"

दोघंही हसलो. पण हसताना ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. तेव्हा मला ती थट्टा वाटली. तिला उत्तर हवं होतं, हे आता कळतं.

शेवटी दवाखान्यात, ती शुद्धीत असताना, मी म्हणालो, "व्हिसा नसता तरी तुलाच केली असती." ती नुसती हसली. खोटं तिला लगेच कळायचं. तेव्हा नसती केली. आज केली असती, एवढंच म्हणायला हवं होतं.