तिसऱ्या वाचनात अडकलेला मांडव

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधेच हसलात तर माझी गाडी रुळावरून घसरते. आमच्या हिनं, विमलनं, हा किस्सा हळदीकुंकवापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे सांगून झालाय. आज माझ्या तोंडून ऐका. गाढवपणा माझा, मग सांगायचा मान दुसऱ्याला का द्यायचा?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी विधिमंडळात कारकून होतो. कारकून म्हणजे काय, तर विधेयकांच्या प्रती मोजायच्या, सदस्यांच्या बाकांवर ठेवायच्या आणि दाराशी उभं राहून ऐकायचं. ऐकायचं हे कामात नव्हतं, ते मी हौसेनं करायचो. संध्याकाळी खाडीपूल ओलांडून बसनं वाशीला घरी यायचो तेव्हा डोक्यात तेच घुमत असायचं.

तुम्हाला वाटत असेल, त्यात ऐकण्यासारखं काय असतं? अहो, काय नसतं! विधेयक नुसतं मांडायचं तरी सभागृहाची परवानगी लागते. ते झालं पहिलं वाचन, त्यात बहुधा कोणी भांडत नाही. दुसऱ्या वाचनात खरी कुस्ती. आधी तत्त्वावर चर्चा, हवं तर मग प्रवर समितीकडे पाठवायचं, समितीनं चिरफाड करून परत आणलं की एकेक कलम घ्यायचं, त्यावर दुरुस्त्या, त्या दुरुस्त्यांवर मतं. मग तिसरं वाचन, संमत. आणि एवढं होऊन ते दुसऱ्या सभागृहात जाणार, तिथं पुन्हा पहिल्यापासून. आमचे अण्णा, म्हणजे वडील, महाडकडच्या गावी राहायचे, जन्मभर राबलेला माणूस. ते म्हणायचे, "ज्याच्या हातात काठी त्याचंच खरं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघितलं. आता काठी नाही, मत. रीतीनं जायचं." ते वाक्य माझ्या हाडात भिनलं होतं. जरा जास्तच भिनलं होतं, हे पुढं कळलं.

आमची सोसायटी चार मजल्यांची. तिची सभा म्हणजे मासळीबाजार. सगळे एकदम बोलायचे आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. एकदा बारशाच्या मांडवासाठी डेकोरेटरच्या माणसानं अंगणात पहार मारली ती थेट पाण्याच्या पाइपात. आठवडाभर सगळी बिल्डिंग टँकरमागे बादल्या घेऊन पळत होती. त्या संतापात लोकांनी मला अध्यक्ष केलं. म्हणाले, "जाधव, तुम्ही तिकडं कायदे करता ना, एक इकडंही करा."

मी तिकडं कायदे करत नव्हतो, कायद्यांचे गठ्ठे उचलत होतो. पण हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

मी रीतसर विधेयक आणलं. अंगणात मांडव घालण्यास मनाई. पहिल्या सभेत फक्त नाव वाचलं आणि सभा संपली असं जाहीर केलं. तळमजल्यावरचे पाटील बघतच राहिले. हे पाटील इथलेच, खाडीकाठच्या गावातले, जमीन वसाहतीत गेली म्हणून तांदळाचं दुकान टाकून बसलेले. त्यांच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'.

"निस्ता नावच वाचलास," ते म्हणाले. "आतमदी काय हाय?"

मी म्हटलं, ते दुसऱ्या वाचनात.

"मंग आज आमाला कनाला बोलावलास?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण लोक उठून गेले होते.

पुढच्या सभेत ते समितीकडे गेलं. समिती म्हणजे मी, पाटील आणि दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी मास्तर. बैठका आमच्या घरी, चहा-भजी आमच्या विमलची. मांडव म्हणजे नक्की काय, यावर आम्ही किलोभर कांदा संपवला. वाळत घातलेली चादर मांडव होते का? छत्री? शेवटी मीच व्याख्या केली आणि मीच एक कलमही घातलं की हा नियम बदलायचा तर अशीच तीन वाचनं, तीन वेगळ्या सभांत. लोकांनी लहरीवर कायदा बदलू नये म्हणून. विमल भजी ठेवताना म्हणाली, "तुमच्यात ते वरचं सभागृह असतं ना, ते इथं कुठाय?" मी म्हटलं, आपल्याला नाही. ती म्हणाली, "आहे. स्वयंपाकघरात आहे. त्याला एकदा विचारत जा."

विचारलं नाही. विधेयक एकमतानं संमत झालं. मला इतका आनंद झाला की गरज नसताना मी निर्णायक मतावर भाषण ठोकलं. अध्यक्ष एरवी मत देत नाही. समसमान मतं पडली तरच देतो, आणि तेव्हाही त्यानं आपली आवड बघायची नसते. सभागृहानं बहुमतानं बदल केलेला नाही, तर आहे ते तसंच राहू द्यायचं, हा थोर संकेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं म्हणून वाजवल्या असतील.

आता खरी गंमत.

माझी धाकटी बहीण शालू आमच्याकडेच राहून शिवणकाम करायची. तिचं लग्न जमलं. मुलगा तुर्भ्याच्या कारखान्यात, माणसं चांगली. अण्णा गावाहून आले आणि म्हणाले, "पाहुणे सगळे मुंबईचे, लग्न तुझ्याच दारात करू. अंगण चांगलं ऐसपैस आहे."

मी म्हटलं, "करू की."

एका वाचनात! ना समिती, ना चर्चा. पत्रिका छापून आल्या, त्यावर ठळक अक्षरात आमच्या सोसायटीचं अंगण. विमलनं पत्रिका हातात घेतली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"अहो, आणि तुमचा कायदा?"

कायदा मी साफ विसरलो होतो. आमच्या बौद्ध रीतीत मुहूर्त बघत नाहीत, म्हणून मी अगदी निवांत होतो. पण मुहूर्त नसला तरी तारीख असते ना! मुलाची रजा मंजूर, पाहुण्यांना निरोप गेलेले.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? सांगा बरं. कारण लोक मला वाट दाखवत होते हो! कुलकर्णी मास्तर जिन्यात भेटून म्हणाले, घाला मांडव, आम्ही काय परके आहोत? वरच्या मजल्यावरच्यांनी पंगतीची भांडी देऊ केली. पाटील तर दुकानातून उठून आले. म्हणाले, "तुजे बहिनीचा लगीन हाय. वाचतंस काय? बांबू आन."

मी मान हलवली. म्हटलं, अध्यक्षानंच कायदा मोडला तर उद्या लोकांनी काय करायचं? दुरुस्ती विधेयक आणणार. लग्नकार्यासाठी मांडवास मुभा. तारखेच्या आत तीन सभा बसत होत्या, मी हिशेब केला होता.

पहिलं वाचन एकमतानं. मी विमलकडे असं बघितलं की बघ.

दुसऱ्या वाचनात मास्तरांनी हळूच विचारलं, लग्नकार्यात मुंज येते का? त्यांच्या नातवाची होती. मी म्हटलं, नाही येत. त्यांनी दुरुस्ती सुचवली. मग कोणी म्हणालं, मुंज आली तर बारसं का नको? बारसं म्हटल्याबरोबर सगळ्यांना तो पाइप आठवला. मग निघालं, मांडव किती दिवस, लाऊडस्पीकर किती वाजेपर्यंत, खरकटं कोणी काढायचं, आणि बाहेरच्या पाहुण्यांनी जिन्यात पान थुंकलं तर? मी एकेक दुरुस्ती मताला टाकत गेलो. मुंज पडली, बारसंही पडलं. मास्तरांचं तोंडही पडलं, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी घरी येऊन म्हटलं, कामकाज छान झालं.

शालू शिवत बसली होती. मशीन थांबवून तिनं विचारलं, "दादा, पण मांडव पडणार ना?"

"तिसरं वाचन औपचारिक असतं," मी म्हटलं.

तिसरी सभा आमच्याच बाहेरच्या खोलीत भरली. अण्णा मागच्या खुर्चीवर येऊन बसले, पोराचं काम बघायला. शालू आतल्या दारात उभी. सभेआधी मास्तर मोठ्या मनानं म्हणाले सुद्धा, "जाधव, तुम्ही आज खुर्ची सोडा, दुसऱ्याला बसवा, म्हणजे तुमचं एक मत तरी तुम्हाला राहील." मी म्हटलं, ते बरं दिसत नाही.

हात वर झाले. मोजले. पुन्हा मोजले. सात आणि सात.

शालूच्या लग्नाला कोणाचाच विरोध नव्हता बरं का. विरोध त्या नव्या नियमाला होता. एका मुलीचं लग्न म्हणून विचारलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं. मीच त्याचा सगळ्यांसाठी, कायमचा नियम करून ठेवला आणि प्रत्येकाला आपापल्या अडचणीची आठवण करून दिली. ज्यांची मुंज पडली ते नाही म्हणाले, ज्यांना पाइप आठवला तेही नाही म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते भाषण एकही जण विसरला नव्हता. माझं एवढं एकच भाषण लोकांच्या लक्षात राहिलं, आणि ते नेमकं हेच.

"तुजा मत काय हाय?" पाटलांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. त्यांनी स्वतः बाजूनं हात वर केला होता.

मी अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. शालूकडे बघायचा धीर झाला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती खुर्ची, तो संकेत, सगळं खाडीत बुडवावंसं वाटत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "संकेतानुसार अध्यक्षाचं मत विरोधात. विधेयक नामंजूर."

दारात शालू नव्हती. आत जाऊन तिनं कडी लावली ते ऐकू आलं.

अण्णा उठले. मला वाटलं, रीत पाळली म्हणून पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "रीतीनं जा म्हटलं होतं रे. घरात पण?" आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

सभा पांगली. मी तसाच खुर्चीत. पाटील येऊन शेजारी बसले, तंबाखू मळली, मग म्हणाले, "माजे गावान खला हाय. शेती गेली, आता मलनी नाय काय नाय, रिकामा परलाय. तितं घाल मांडव."

खळं, जिथं त्यांचे वाडवडील भात मळायचे, ते. मी म्हटलं, पाटील, गावात कोणाला विचारावं लागेल का?

"तितं वाचन नाय," पाटील म्हणाले.

लग्न पाटलांच्या खळ्यात झालं. अख्खी सोसायटी आली. विरोधात मत दिलेले सगळ्यात आधी आले, आणि मास्तर पंगतीत वाढायला उभे राहिले. शालू पांढऱ्या साडीत, माझ्याकडे न बघता उभी. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पाटलांनी आमच्या पद्धतीचं लग्न कधी बघितलेलं नव्हतं. ते माझ्या शेजारी अगदी मन लावून ऐकत होते. त्रिशरण सुरू झालं. तुम्हाला माहीत असेल, ते एकदा म्हणतात, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा सुरू झालं तसे पाटील माझ्या कानाशी आले. "तुमचेत लग्नान पन तीन वाचना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मंग तू हात वर नको करूस."

मागून अण्णांचं हसू ऐकू आलं. शालूनंही ऐकलं असणार, कारण मान खाली घालून तिचे खांदे हलत होते.

शालू आता आजी झालीय. नातवंडांना माझी ओळख ती एकाच वाक्यात करून देते. म्हणते, "हा माझा दादा. याचा माझ्यावर फार जीव. माझ्या लग्नात विरोधी मत पडलं, ते याचं."